रॉकेलच्या हीटरचा वास, काजळी आणि डोकेदुखी: दर हिवाळ्यात परत का येते आणि कशी थांबवायची

संध्याकाळी सहाला हीटर पेटवायचा. साडेसातपर्यंत सगळं छान. आठच्या सुमाराला खोलीत रॉकेलचा वास जाणवायला लागायचा, डोळे चुरचुरायचे आणि नऊ वाजेपर्यंत माझं कपाळ जड झालेलं असायचं. सकाळी पाहावं तर काचेच्या नळकांड्याची डावी बाजू काळी. सगळं पुसूनबिसून पुन्हा पेटवलं की चार-पाच दिवस बरे जायचे आणि मग पहिले पाढे पंचावन्न. हे आमच्याकडे सलग तीन हिवाळे चाललं.

आम्ही जपानमध्ये, नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोला राहतो. चहूबाजूंनी डोंगर, गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, जानेवारीतली पहाट उणे पाचच्या आसपास. घर भाड्याचं, जुनं, लाकडी. अशा घरांत रॉकेलचा हीटर अगदी नेहमीची वस्तू आहे. थंडीत रॉकेलची छोटी गाडी गाणं वाजवत गल्लीतून फिरते, नाहीतर पेट्रोल पंपावर जाऊन १८ लिटरचा लाल कॅन भरून आणायचा. इथे या तेलाला तोयू म्हणतात. ब्रिटनमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत त्यालाच पॅराफिन म्हणतात. मेणबत्तीतलं पॅराफिन वेगळं. म्हणजे तुम्ही तिकडे कुठे असाल आणि घरात पॅराफिन हीटर असेल, तरी पुढचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे सगळं धुराडं नसलेल्या हीटरबद्दल आहे: वातीचा, किंवा विजेवर पंखा फिरणारा फॅन हीटर. या दोन्हींचा धूर आणि वायू खोलीतच राहतात. भिंतीतून नळी बाहेर काढलेला हीटर असेल तर त्याची गोष्ट निराळी. आणि फ्लॅट भाड्याचा असेल तर करारनामा वाचा. जपानमध्ये कितीतरी इमारतींत रॉकेलचा हीटर वापरायलाच मनाई असते.

आत्ता या क्षणी डोकं दुखत असेल तर

वाचन थांबवा. हीटर विझवा, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. पोटात ढवळणं, चक्कर, पाय लटपटणं, झोप आवरेनाशी होणं यातलं काही असेल तर रुग्णवाहिका बोलवा, जपानमध्ये ११९. बाहेर गेल्यावर अर्ध्या तासात बरं वाटतं आणि घरात आल्यावर पुन्हा डोकं धरतं, किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होतो, ही सर्दी नव्हे. हा कार्बन मोनॉक्साइड आहे.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने धरून ठेवतं, त्यामुळे थोडासा वायूही पुरतो. हवेत दहा लाखांत २०० भाग असला तर दोन-तीन तासांत डोकं दुखायला लागतं. १,६०० भाग झाला तर वीस मिनिटांत डोकेदुखी, मळमळ, आणि दोन तासांत माणूस दगावू शकतो. तोवर हातपाय इतके गळून गेलेले असतात की कळत असूनही उठून खिडकी उघडता येत नाही.

इथे मी केलेली चूक सांगते, कारण ती आपल्यापैकी अनेक जण करतील. कोरोनापासून घराघरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री डोकं फार जड झालं म्हणून मी तो लावून पाहिला. ९८ दाखवलं. मी निर्धास्त झाले, क्रोसिन घेतली आणि हीटर चालूच ठेवला. पुढे कळलं की साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक ओळखता येत नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात, म्हणून आकडा चांगलाच येतो. या बाबतीत त्या आकड्यावर अजिबात विसंबू नका.

वासावरही नको. लोक म्हणतात, वास आला की खिडकी उघडतो. वास येतो तो न जळलेल्या रॉकेलचा. विषारी वायू वासाशिवायही साठतो, आणि नाकाला दहा मिनिटांत वासाची सवय होऊन जाते ती वेगळीच.

खोलीतली हवा पुरते किती?

हा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि मग मला आमची आठ वाजताची डोकेदुखी नीट समजली. एक लिटर रॉकेल पूर्ण जळायला साधारण दोन घनमीटर ऑक्सिजन लागतो. आमचा हीटर अडीच किलोवॉटचा, म्हणजे तासाला पाव लिटर जाळतो, म्हणजे तासाला अर्धा घनमीटर ऑक्सिजन. आमची बसायची खोली सहा तातामींची (तातामी म्हणजे जपानी चटई, खोली तिनेच मोजतात): जेमतेम दहा चौरस मीटर, उंची २.४ मीटर. त्यात २४ घनमीटर हवा, आणि त्यातला ऑक्सिजन पाच घनमीटर. खोली ठार बंद असेल तर एका तासात तो २१ टक्क्यांवरून १९ च्याही खाली येतो. दीड तासात १८ च्या खाली, आणि जपानी कायदा १८ टक्क्यांखालच्या हवेला कामगारांसाठी धोक्याची हवा मानतो. शिवाय आपण तिघं त्याच हवेत श्वास घेत असतो ते वेगळं.

गोम अशी की ऑक्सिजन कमी होतो तशी ज्योतही नीट जळत नाही, आणि अर्धवट जळालेल्या रॉकेलातून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणजे पहिला तास आणि दुसरा तास सारखे नसतात. दुसरा तास वाईट असतो, तिसरा फार वाईट.

प्रत्यक्षात जुन्या लाकडी घरात फटी असतात, त्यातून हवा येते, म्हणून आमचे शेजारी वर्षानुवर्षं हे हीटर वापरत आले आहेत. आम्ही काय केलं? पहिल्याच थंडीत कुडकुडून खिडक्यांना फुग्यांचं प्लास्टिक चिकटवलं, दाराच्या फटींना स्पंजची पट्टी लावली, जमिनीलगतच्या हवेच्या झडपेवर पुठ्ठा ठेवला. ऊब टिकली खरी, पण ज्या फटींवर तो हीटर जळत होता त्याच आम्ही बुजवल्या.

तेव्हा पहिला उपाय हाच आणि तो फुकट आहे: तासातून एकदा-दोनदा, दर वेळी एक-दोन मिनिटं, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या. एकच खिडकी असेल तर ती आणि दार. एक खिडकी बोटभर किलकिली ठेवून दिवसभर बसण्यापेक्षा दोन्ही सताड उघडून दोन मिनिटं झुळूक आरपार जाऊ देणं चांगलं. हवा बदलते, भिंती आणि सामान गरमच राहतं, आणि खोली लगेच पुन्हा उबदार होते. आमच्याकडे फोनवर दर ४० मिनिटांनी गजर लावलेला असतो. मुलगी आता गजर वाजला की स्वतःच उठते. घर नवं असेल, म्हणजे २००३ च्या जुलैनंतर बांधलेलं, तर त्यात चोवीस तास चालणारा हवा खेळवणारा पंखा असतो. तो थंडी येते म्हणून बंद करू नका, आणि तो चालू आहे म्हणून खिडकी उघडणंही सोडू नका.

रात्री झोपताना हीटर विझवायचा. यावर चर्चा नाही. मंद करून ठेवायचा नाही, लहान मूल आहे म्हणून नाही, उणे दहा आहे म्हणून नाही. मंद ज्योत तर जास्तच वाईट, त्याचं कारण पुढे येतंय.

ज्योत काय सांगते

तिसऱ्या हिवाळ्यात कराडहून आई आली. तिने आयुष्यातली पंचवीस-तीस वर्षं वातीच्या स्टोव्हवर स्वयंपाक केलेला. आल्या दिवशी संध्याकाळी ती हीटरसमोर मांडी घालून बसली आणि पाचेक मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, ही एका अंगाला उठतीय. बसलीच नाहीये नीट."

मी जवळ जाऊन पाहिलं. वातीच्या वर जे नळकांडं बसतं, बाहेरून काच आणि आत भोकं पाडलेली जाळी, ती उजवीकडे सारखी लाल झाली होती. डावीकडे मात्र अर्धी काळीच, आणि त्या बाजूने पिवळी ज्योत बोटभर वर उसळत होती. काजळी नेमकी तिथेच धरत होती. मी रोज काच पुसत होते, पण काच का काळी होते ते तीन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

कारण अगदी किरकोळ निघालं. नळकांडं वातीवर एका बाजूने चढून बसलं होतं. जपानी हीटरला त्यासाठीच एक लहान मूठ असते. पेटवल्यावर ती मूठ धरून नळकांडं दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवायचं. ते सरकतं, खाचेत बसतं आणि मग मोकळं हलतं. मूठ अडकल्यासारखी वाटली तर बसलेलं नाही. वास आणि काजळीच्या तक्रारीत सगळ्यात आधी हेच बघा, कारण याला पाच सेकंद लागतात. हे पेटवल्या-पेटवल्या करायचं, नंतर नळकांडं तापलेलं असतं.

नीट जळणाऱ्या हीटरची जाळी सगळीकडून सारखी लाल दिसते आणि वरच्या तोंडाशी ज्योत दिसली तर जेमतेम. ज्योत उंच, पिवळी, लवलवणारी असेल तर वात जास्त वर आहे किंवा नळकांडं वाकडं आहे. आणि जाळी निम्मीच लाल, वरचा भाग काळा असेल तर वात फार खाली आहे. ही चूक काटकसरीने होते. आपल्याला वाटतं वात खाली घेतली की तेल वाचेल. पण प्रत्येक हीटरला एक किमान पातळी असते, तिच्या खाली तेल वाफ होऊन वर येतं आणि पूर्ण जळत नाही. वास, डोळ्यांची चुरचुर आणि कार्बन मोनॉक्साइड, तिन्ही वाढतात. खोली जास्त तापली तर हीटर विझवा, मंद करून ढकलू नका.

नळकांडं नीट बसवल्यावर काजळी थांबली. वास मात्र आठवडाभराने परत आला.

मूळ कुठे होतं: गेल्या वर्षीचं रॉकेल

मूळ पायरीखाली ठेवलेल्या लाल कॅनमध्ये होतं. मार्चमध्ये उरलेलं पाच-सहा लिटर रॉकेल आम्ही तसंच ठेवायचो आणि नोव्हेंबरमध्ये त्यावरच नवं भरून आणायचो. तेल काय, नासतं थोडंच, असं वाटायचं. नासतं. ऊन, उन्हाळ्याची उष्णता आणि हवा यांनी रॉकेल बदलतं. ते जळताना वातीवर डांबरासारखा चिकट थर धरतो. वात जड होते, पेटायला वेळ लागतो, विझवताना भपकन वास येतो. आपण वात साफ करतो, चार दिवस बरं चालतं, आणि त्याच तेलाने पुन्हा थर धरतो. आमचं चार-पाच दिवसांचं चक्र ते हेच.

तपासायला पांढरा कप किंवा काचेचे दोन ग्लास पुरतात. एकात पाणी, एकात रॉकेल. चांगलं रॉकेल पाण्याइतकंच नितळ दिसतं. पिवळसर झाक दिसली किंवा आंबट वास आला तर ते तेल वापरू नका. नव्यात मिसळूनही नको; थोडंसं जुनंही सगळं नवं बिघडवतं. नाल्यात, बागेत तर मुळीच ओतू नका. इथे पेट्रोल पंपावर नेऊन दिलं की बहुधा घेतात. आधी फोन करून विचारायचं.

तेलात पाणी शिरलं तरी हीटर रुसतो. थंड कॅनच्या आतल्या बाजूला दव धरतं, ते तळाशी साठतं, आणि वात तेलाऐवजी पाणी पिते. ज्योत मलूल होते, मग टाकी भरलेली असूनही विझते. टाकी काढून आतल्या जाळीत टॉर्चने बघा: तळाशी मण्यांसारखे गोल थेंब फिरताना दिसले तर ते पाणी. हीटर पूर्ण थंड झाल्यावर ड्रॉपरने ओढून काढायचं.

लाल कॅनलाही वय असतं. तळाशी किंवा बाजूला बनवल्याचं वर्ष उमटवलेलं असतं, आणि पाच वर्षांनी तो बदलावा असं सांगतात. आमचा अकरा वर्षांचा होता, आधीच्या भाडेकरूने सोडून गेलेला. प्लास्टिक जुनं झालं की ठिसूळ होतं आणि झाकणही ढिलं पडतं.

वात

आईचा पहिला विचार वात कातरायचा होता. कंदिलाची, वातीच्या स्टोव्हची वात आपण कात्रीने सरळ कापतो, जळका भाग झाडतो. इथल्या हीटरला ते करायचं नाही. आताच्या बहुतेक वाती वरच्या भागात काचतंतूंच्या असतात. कापल्या की उंची बिघडते, तंतू उसवतात आणि ज्योत कायमची वाकडी होते.

यावर इथला उपाय म्हणजे कारायाकी, कोरडी जाळणी. टाकीतलं तेल संपत आलं, ज्योत लहान झाली की वात पूर्ण वर करायची आणि हीटर आपोआप विझेपर्यंत जळू द्यायचा. शेवटी-शेवटी वातीवरचं डांबर जळून जातं, वात राखाडी-पांढरी आणि मऊ होते. नाही झाली तर पुन्हा एकदा. हे करताना वास येतोच, म्हणून दुपारी, खिडक्या सताड उघड्या ठेवून, जवळ उभं राहून करायचं. मात्र तुमच्याकडे सुती वातीचा, निळ्या गोल ज्योतीचा, जुन्या ब्रिटिश धाटणीचा हीटर असेल तर त्याची वात अशी जाळू नका. तिच्यासाठी वेगळं साफ करायचं साधन मिळतं. हीटरबरोबर आलेल्या पुस्तिकेत तुमची वात कोणती ते दिलेलं असतं.

वात जड होण्याकडे मात्र फक्त वासाचा त्रास म्हणून पाहू नका. भूकंपाचा हादरा बसला की हे हीटर स्वतःहून विझतात, कारण स्प्रिंग वात झटक्यात खाली ओढते. डांबराने चिकटलेली वात खाली येत नाही, किंवा अर्धीच येते. म्हणजे नासलेलं तेल घरातली आग विझवायची सोयच निकामी करतं. थंड हीटरवर वात पूर्ण वर करा आणि हलवून किंवा विझवायच्या बटणाने तपासा: टक् आवाज करून ती पूर्ण खाली गेली पाहिजे. मी हे महिन्यातून एकदा करते. रेंगाळत खाली येत असेल तर जाळणी करा, तरीही सुधारली नाही तर वात बदला. नवी वात घातल्यावर टाकी भरून अर्धा तास तरी थांबा. तेल वर चढायच्या आत पेटवलं तर कोरडी वातच जळते आणि नवीकोरी वात पहिल्याच दिवशी खराब होते.

बटण दाबलं तरी वात पेटत नाही, नुसतं टिकटिक होतं, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा पेटवणीची बॅटरी उतरलेली असते. थंडीत ती लवकर मान टाकते.

फॅन हीटर मध्येच बंद पडतो

फॅन हीटरला वात नसते, पण तो चालता-चालता थांबतो आणि पडद्यावर एररचा आकडा दाखवतो. तीन तासांनी आपोआप थांबला तर तो बिघाड नाही, विसरलेल्या माणसासाठी केलेली सोय आहे. वीस मिनिटांत थांबत असेल तर पाठीमागची जाळी बघा. आपल्या घरात फोडणीचा धूर असतो. तेलकट वाफ आणि धूळ मिळून त्या जाळीवर लोकरीसारखा थर बसतो. आठवड्याला ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढायचा.

दुसरं कारण कोणाच्या डोक्यातही येत नाही. केसांचा स्प्रे, सीरम, कपड्यांवर मारायचे फवारे यांत सिलिकॉन असतं. ते हवेतून ज्योतीत जातं आणि जळून पांढरी भुकटी होऊन ज्योत ओळखणाऱ्या दांडीवर बसतं. मग हीटरला वाटतं ज्योत विझली, आणि तो बंद होतो. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवली तेव्हा दांडी खडूने माखल्यासारखी होती. त्या खोलीत असलं काही फवारायचं नाही. शिवाय फवाऱ्याचा डबा हीटरसमोर ठेवलेला फुटतो. इथल्या प्रत्येक डब्यावर ४० अंशांपुढे नेऊ नका असं छापलेलं असतं, आणि हीटरच्या समोरची जागा त्याहून कितीतरी गरम असते.

तेल भरताना

हीटर विझवून, टाकी काढून दारातल्या बुटांच्या जागेत न्यायची आणि तिथे भरायची. भरल्यावर झाकण घट्ट लावून टाकी उलटी करून, खाली कागद धरून दहा सेकंद थांबायचं. कागद ओला झाला नाही तरच आत. झाकण अर्धवट लागलेली टाकी पेटत्या हीटरवर उलटी केल्याने घरं जळाली आहेत. म्हणूनच २००९ पासून जपानने या हीटरना पीएससी या सुरक्षिततेच्या खुणेचा नियम लावला, आणि एप्रिल २०११ पासून ती खूण नसलेला हीटर विकता येत नाही. टाकी उपसली की ज्योत विझावी, ही सोय त्याच नियमातली. कोणी मायदेशी परतताना आपला जुना हीटर देऊ केला तर आधी ही खूण शोधा.

कॅन पेट्रोल पंपावर स्वतः भरत असाल तर नळीवरचं नाव दोनदा वाचा. रॉकेल ४० अंशांच्या खाली सहसा पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० लाही पेटते. हीटरमध्ये चुकून पेट्रोल गेलं तर ज्योत आवरत नाही. जपानी पेट्रोलला नारिंगी रंग दिलेला असतो, रॉकेल रंगहीन. शंका आली तर विस्तवापासून दूर, उघड्यावर, बोटाच्या टोकाला थेंब लावून फुंकर घाला: पेट्रोल क्षणात उडून जातं, रॉकेल ओलंच राहतं.

आणि कपडे. हीटरच्या वर दोरी बांधून मुलांचे मोजे वाळत घालायचे नाहीत. वाळले की हलके होतात, गरम हवेने हलतात आणि पडतात. पडदा, गादी, कागद या सगळ्यांपासून हीटर एक मीटर लांब.

पाणी खिडक्यांवर का गळतं, हाही प्रश्न नेहमीचा. एक लिटर रॉकेल जळलं की एक लिटरहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन खोलीत येतं. काचेवरून ओघळणारं ते हेच, आणि कपाटामागची काळी बुरशीही त्याचीच. खिडकी उघडायचा गजर इथेही कामाला येतो.

एक यंत्र घ्याच

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. छताला लावलेला धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही, तो धूर ओळखतो. युरोपातल्या ईएन ५०२९१ या मानकाचा अलार्म दहा लाखांत ५० भागांना तास-दीड तासात, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत वाजतो. बॅटरीवर चालतो, कुठे लावायचा ते खोक्यावर लिहिलेलं असतं. आमचा गेल्या हिवाळ्यात एकदा वाजला. फोनवरचा खिडकीचा गजर बंद करून आम्ही पाहुण्यांशी गप्पा मारत बसलो होतो, त्या दिवशी. कोणालाही वास आला नव्हता, कोणाचंही डोकं दुखत नव्हतं.

महाराष्ट्रातल्या घरांत रॉकेलचा हीटर नसतो, पण बंद न्हाणीघरातला गॅस गिझर असतो, आणि महाबळेश्वरला गेल्यावर खोलीत घेतलेली कोळशाची शेगडी असते. दोन्हींत घडतं ते हेच. न्हाणीघराची झडप बुजवलेली असेल तर ती आजच मोकळी करा, आणि शेगडी खोलीच्या बाहेरच राहू द्या.

थंडी संपताना

मार्चच्या शेवटी आम्ही आता नवं तेल आणत नाही. कॅनमधलं संपत आणतो, आणि एखाद्या स्वच्छ दुपारी खिडक्या उघडून हीटर कोरडा जाळतो. टाकीच्या जाळीतला गाळ ड्रॉपरने काढतो, बॅटरी काढून ठेवतो. कॅनमध्ये अर्धा-एक लिटर उरलंच तर पंपावर नेऊन देतो. रिकामा कॅन तोंड उघडं ठेवून सावलीत सुकवायचा आणि त्यावर आणल्याची तारीख मार्करने लिहायची. आमच्या नव्या कॅनवर ती आईच्या हातची आहे, मराठी आकड्यांत.